ओल्या फडक्यानं काजळी पसरली, गिऱ्हाईक बिथरलं, आता काय?

वाचकाचं पत्र: दर्यापूर तालुक्यात आमचं सोफे, गाद्या, गालिचे धुऊन देण्याचं लहानसं काम आहे. मी, माझा भाचा, एक ड्रमवाला व्हॅक्यूम आणि चार ब्रश. गेल्या महिन्यात एका घरी इन्व्हर्टरची वायर जळाली. आग लगेच विझली, पण हॉलभर काजळी बसली. तिथला सहा बाय नऊ फुटांचा पानिपती गालिचा आम्ही ओल्या फडक्यानं आणि डिटर्जंटनं घासला. काळं निघायचं सोडून पसरलं. मग बोअरच्या पाण्यानं धुतला, तर वाळल्यावर दुसऱ्या दिवशी डाग पुन्हा वर. घरमालक काकाजी म्हणतात, "डाग तर जसाच्या तसा दिसून राह्यला, काय धुतलं मग तुम्ही? नवा आणून द्या." मजुरी दिलीच नाही, वरून गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकला. काम घेताना आम्ही "होऊन जाईल" म्हणालो होतो. गालिचा सुधारेल काय? आणि काकाजींना काय सांगायचं?

उत्तर: गालिचा सुधारेल. अगदी पहिल्यासारखा होईलच असं मात्र सांगता येणार नाही, आणि तुम्हीही आता कोणाला तसं सांगू नका. सध्या एकच करा: गालिचा तुमच्याकडे असो की काकाजींकडे, त्याला पाण्याचा आणखी एक थेंबही लावू नका.

आधी बिघडलं कशानं ते पाहू. काजळी म्हणजे अर्धवट जळालेल्या कार्बनचे अतिबारीक कण. पऱ्हाटी, लाकूड, कागद जळून येणारी काजळी बरीचशी कोरडी असते, फुंकर मारली तरी उडते. वायर, फोम, रबर, रॉकेल किंवा तेल जळालं की त्याच कणांवर तेलकट डांबरी लेप चढतो. वातीवर धरलेली काजळी तुपात खलली की काजळ होतं आणि बोटाला लागलं की सहजी सुटत नाही. गालिच्यावर ओलं फडकं घासून तुम्ही तेच केलं. कोरडा कण लवेच्या, म्हणजे गालिच्याच्या उभ्या धाग्यांच्या, टोकावर नुसता बसलेला असतो, तोवर तो उचलता येतो. पाणी आणि साबण मिळून त्याचा गाळ झाला की तो लवेच्या मुळाशी जातो आणि ब्रश त्याला आणखी खाली ढकलतो.

तुमच्या कामात वायरच जळाली आहे. वायरवरचं आवरण पीव्हीसीचं असतं. ते जळलं की हायड्रोजन क्लोराइड निघतो आणि ओल मिळाली की त्याचं आम्ल होतं. म्हणजे ही काजळी तेलकटही आहे आणि आम्लधर्मीही. त्यात पानिपतचे मशीनवर विणलेले स्वस्त गालिचे बहुतेक पॉलिप्रॉपिलीनचे असतात. हा धागा पाणी पीत नाही, पण तेल धरून ठेवतो. साध्या साबणपाण्याला तो दाद देणार नाही.

डाग दुसऱ्या दिवशी "पुन्हा आला" असं तुम्ही लिहिता, तर तो गेलाच नव्हता. गालिचा ओला असताना काळा गाळ मुळाशी आणि पाठीच्या विणीत उतरला. वरून वारा लागला, पाणी लवेच्या टोकांतून उडत गेलं आणि येताना गाळ वर घेऊन आलं. या धंद्यातल्या बऱ्याच तक्रारी याच एका कारणाच्या असतात, आणि गिऱ्हाइकाला मात्र वाटतं की धुणाऱ्यानं वरवर पुसून पैसे मागितले.

शेवटचं कारण तुमच्या बोअरचं पाणी. पूर्णेच्या खोऱ्यातला तुमचा भाग खारपाणपट्ट्यातला. खाऱ्या-जड पाण्यात साबण फेस देत नाही, उलट कॅल्शियमशी मिळून त्याचा राखाडी चिकट थर होतो. तो थर धाग्यावर बसला की उरलेली काजळी आणि उद्याची काळ्या मातीची धूळ दोन्ही तिथंच चिकटतात. म्हणून या भागात गालिच्याला वडीचा किंवा पावडरचा साबण लावूच नका, लिक्विड डिटर्जंट वापरा. शेवटचं पाणी आरओच्या जारचं घ्या. सहा बाय नऊच्या गालिच्याला वीस लिटरचा एक जार पुरतो. पावसाळ्यात पन्हाळीचं पाणी धरून ठेवलं तर तेही उत्तम.

आता या गालिच्याचं काय करायचं ते क्रमानं सांगतो.

पहिल्यांदा तो पूर्ण वाळवा. बाजेवर टाका म्हणजे खालूनही हवा लागेल, आणि सावलीत ठेवा. वरून वाळला म्हणजे आतून वाळला असं नाही. पाठीवर एक टिश्यू पेपर ठेवून त्यावर पाट उपडा घाला, पाटावर पाणी भरलेला गुंड ठेवा आणि पंधरा मिनिटांनी कागद पाहा. ओलसर लागला तर अजून थांबा. या वाळण्यात डाग आणखी ठळक होईल, तेव्हा घाबरू नका. मुळातला गाळ टोकांवर आला तर तो तुमच्या सोयीचाच आहे.

वाळेपर्यंत धागा ओळखून घ्या. एका कोपऱ्यातून चारदोन तंतू कापा आणि थेंबभर लिक्विड सोप टाकलेल्या पेल्यात बुडवा. दाबूनही वर तरंगले तर पॉलिप्रॉपिलीन. बुडले तर दुसरा तंतू चिमट्यात धरून अंगणात जाळून पाहा. केस जळाल्यासारखा वास आणि चुरगळणारी राख म्हणजे लोकर. कागदाचा वास आणि मऊ राख म्हणजे सूत किंवा व्हिस्कोस. वितळून टणक मणी झाला तर नायलॉन किंवा पॉलिएस्टर. मग पाठ पाहा. पाठीवर कापड चिकटवलेलं असेल तर तो टफ्टेड गालिचा. त्याची लव आतून लॅटेक्सच्या गोंदावर धरलेली असते आणि सॉल्व्हंट, म्हणजे तेलकटपणा विरघळवणारा द्रव, लागला की तो गोंद सुटतो. अशा गालिच्याला पुढे सांगितलेलं एमटीओ हे सॉल्व्हंट लावायचं नाही.

वाळल्यावर गालिचा जुन्या स्वच्छ चादरीवर पालथा घाला. पाठीवर तळहातानं किंवा हलक्या काठीनं थोपटा. धोपटायचं नाही, थोपटायचं. मग पाठीवरूनच व्हॅक्यूम फिरवा, आधी लांबीत, नंतर रुंदीत. गालिचा उचलला की चादरीवर काळी भुकटी दिसेल. चादर झटकून हेच पुन्हा करा आणि भुकटी पडेनाशी झाली की सुलटा करा. सुलट बाजूला नळीचं ब्रश काढून टाका आणि उघडं तोंड लवेपासून सेंटिमीटरभर वर धरून सावकाश न्या, एका फुटाला तीन-चार सेकंद. तोंड लवेला टेकलं की काजळी पुन्हा घासली जाते.

इथं तुमच्या ड्रमच्या व्हॅक्यूमबद्दल. साध्या फिल्टरमधून काजळीचे कण आरपार जातात आणि मागच्या झरोक्यातून पुन्हा खोलीत पसरतात. झरोक्यासमोर ओला पांढरा रुमाल एक मिनिट धरा. रुमाल राखाडी झाला तर तुम्ही काजळी गोळा करत नसून वाटत आहात. कोरड्या कामासाठी कागदी बॅग आणि हेपा फिल्टर घाला. तोपर्यंत व्हॅक्यूम अंगणात ठेवा आणि लांब नळी दारातून आत घ्या. नाकाला एन-95 मास्क, हातात मोजे. साधा रुमाल बांधून काजळी अडत नाही.

त्यानंतर सोडा. सहा बाय नऊ म्हणजे 54 चौरस फूट. खाण्याचा सोडा अर्धा किलो लागेल, चौरस फुटाला दहा ग्रॅमच्या हिशेबानं. पीठ चाळायच्या चाळणीनं सारखा पसरा, हातानं चोळू नका. रात्रभर राहू द्या आणि सकाळी व्हॅक्यूमनं ओढून घ्या. सोडा थोडं तेल टिपतो, आम्लाची बाधा कमी करतो आणि जळकट वासही उतरवतो. लोकरीच्या गालिच्यावर मात्र सोड्याऐवजी कॉर्नफ्लॉवर वापरा, कारण लोकरीला क्षार मानवत नाही.

मग सॉल्व्हंट. ड्रायक्लीनवाले वापरतात ते एमटीओ, म्हणजे मिनरल टर्पेंटाइन, या कामाला चालतं. आधी सोफ्याखाली जाणाऱ्या कोपऱ्यावर तपासा: पांढरं फडकं ओलं करून प्रत्येक रंगावर मिनिटभर दाबून धरा. फडक्यावर रंग उतरला तर तिथंच थांबा. नाही उतरला तर एका वेळी एक चौरस फूट घ्या. एमटीओ गालिच्यावर ओतायचं नाही, फडक्यावर घ्यायचं, आणि डागाच्या कडेकडून मध्याकडे टिपत यायचं. दाबा, उचला, फडक्याची घडी बदला. पुसण्याची सवय हाताला असतेच, भाच्याला मुद्दाम बजावून सांगा. सगळ्या डागाळ भागाला मिळून पाव लिटर पुष्कळ झालं.

एमटीओचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे पेट घेण्याजोगी वाफ सुटू लागते ते तापमान, 30 ते 40 अंशांच्या घरात असतो. वऱ्हाडात एप्रिल-मे महिन्यांत खोलीच त्याहून गरम असते. म्हणजे उन्हाळ्यात बंद खोलीत हे काम करणं म्हणजे वाफेचा भडका अंगावर ओढवून घेणं. देवघरातला दिवा शांत करायचा, गॅस बंद, दारं-खिडक्या उघडी, आणि सॉल्व्हंटचा वास पूर्ण जाईपर्यंत गालिच्यावर व्हॅक्यूम चालवायचा नाही, कारण त्याच्या मोटरमध्ये ठिणगी पडते. जमेल तर हे काम अंगणात, सकाळी लवकर करा.

आता कुठं पाण्याची पाळी येते. एक लिटर कोमट पाणी, साधारण 40 अंश, त्यात चहाचा एक चमचा, म्हणजे पाच मिलिलिटर, भांडी घासायचं लिक्विड. याहून जास्त टाकू नका. जादा लिक्विड धाग्यावर राहतं, वाळल्यावर चिकट होतं आणि महिन्याभरात तिथंच मळ धरतो. मग गिऱ्हाईक म्हणतं, "तुमच्या धुण्यानंच जास्त मळला." स्पंजनं नुसता फेस लवेवर लावा, दहा मिनिटं थांबा, पांढऱ्या फडक्यानं टिपा. मग जारचं पाणी फवारून व्हॅक्यूमनं ओढा: एकदा पाणी फवारलं की चार वेळा कोरडं ओढायचं. ओढून आलेलं पाणी काचेच्या पेल्यात घेऊन पाहा आणि ते नितळ येईपर्यंत करा.

ओढून झालं की लगेच पंखा लावू नका. लवेवर पांढरी सुती चादर पसरा आणि वर सारखं वजन ठेवा, पाट, वह्यांचे गठ्ठे, जे असेल ते. वर येणारा गाळ चादरीत उतरतो. तासा-दीड तासानं चादर बदला, दोन-तीनदा. चादर स्वच्छ निघाली की वजन काढा, गालिचा बाजेवर टाका आणि पंखा सोडा. चोवीस तासांत वाळायला हवा. ज्यूटची पाठ त्याहून जास्त वेळ ओली राहिली की तिचा तपकिरी रंग लवेत चढतो आणि कुबट वास धरतो.

काळं जाऊन पिवळट झाक उरली तर ती जळक्या प्लॅस्टिकच्या धुराची. पॉलिप्रॉपिलीनवर हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं. मेडिकलमध्ये मिळतं ते सहसा 6 टक्क्यांचं असतं, त्यात तितकंच जारचं पाणी घाला म्हणजे 3 टक्के होईल. फवारा, अर्धा तास ठेवा, पाण्यानं काढा. कोपऱ्यावर तपासल्याशिवाय नाही, आणि लोकरीवर अजिबात नाही. घरात ठेवलेलं ब्लीचिंगचं पाणी तर कुठल्याच गालिच्याला लावू नका.

हा सगळा फेरा फार तर दोनदा करा. दोनदा करून जो डाग राहिला तो तिसऱ्यांदा जात नाही, लव मात्र झिजते.

काही गोष्टी जाणारच नाहीत, त्या आधीच ओळखा. पॉलिप्रॉपिलीन 160-165 अंशांना वितळतं. जळती वायर किंवा तिचा थेंब पडला असेल तिथं टोकं वितळून एकमेकांना चिकटलेली असतात. बोट फिरवलं की खरखरीत लागतं, भिंगातून पाहिलं तर बारीक काळे मणी दिसतात. तो डाग नव्हे, ते जळणं आहे. टोकं कात्रीनं छाटून खरखर कमी करता येते, एवढंच. तुम्ही कडक ब्रशनं घासलं तिथं लव पिंजली असेल तर तीही परत बसत नाही. उलट, धुतल्यावर एखादा पट्टा गडद दिसत असेल तर काळजी करू नका, तिथं लव उलट दिशेला पडली आहे. सगळी लव एका दिशेनं विंचरली की रंग सारखा दिसतो.

इतर प्रकारांचं थोडक्यात. लोकरीला पाणी 30 अंशांच्या आत, लोकरीच्या कपड्यांचं ईझीसारखं लिक्विड, आणि शेवटी लिटरभर पाण्यात 50 मिलिलिटर पांढरं व्हिनेगर. आर्ट सिल्क म्हणून विकतात ते बहुधा व्हिस्कोस असतं, ओलं झालं की त्याची ताकद निम्म्यावर येते आणि वाळताना ते पिवळं पडतं. फक्त कोरडं काम करा, पुढचं नाकारा. सुती सतरंजीचं सोपं आहे. झटकून, व्हॅक्यूम करून ती पाण्यात बुडवता येते, फक्त लाल-निळा रंग सुटतो का तेवढं पाहा. आग विझवताना कोणी सिलिंडरमधली पावडर मारली असेल तर ती कोरडी असतानाच ओढून घ्या. ओली झाली की ती चिकटते आणि धातूला गंज चढवते.

पुढच्या वेळी असं घर आलं की गालिचा सगळ्यात शेवटी. आधी छत, मग भिंती, पडदे, कपाटं. नाहीतर स्वच्छ गालिच्यावर छतावरची काजळी पडत राहते. फोन आला त्याच क्षणी सांगा: पंखा लावू नका, कूलर लावू नका, गालिच्यावर चालू नका, आणि मुख्य म्हणजे फडा, म्हणजे झाडू, मारू नका. घरच्या बायका बिचाऱ्या पाहुणे यायच्या आत आवरायचं म्हणून पहिला फडा घेतात, आणि काम तिथंच अवघड होतं. गालिच्यावर प्लॅस्टिक किंवा चादर अलगद टाकून ठेवायला सांगा. आणि एक विचारा: घराचा विमा आहे काय? घर कर्जाचं असेल तर बहुधा असतो. असेल तर सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत हात लावू नका. तुमच्या स्वच्छतेनं त्यांचा पुरावाच जाईल, आणि मग भांडण गालिच्यापुरतं राहणार नाही.

आता काकाजी.

पहिल्यांदा ग्रुपचं. तिथं वाद घालायचा नाही, "तुमचा गालिचाच हलका होता" हे तर चुकूनही नाही. एकच निरोप टाका आणि गप्प राहा: "काकाजींच्या गालिच्याचं काम आम्ही केलं, ते नीट झालं नाही हे खरं. उद्या सकाळी त्यांच्या घरी येऊन पाहतो. पुढचं त्यांच्याशी समक्ष बोलू." गावात तुम्हाला काम देणारे पुढचे दहा लोक हा निरोप वाचणार आहेत. त्यांना डाग पाहायचा नसतो, तक्रार आल्यावर तुम्ही तोंड लपवता की दारात उभे राहता ते पाहायचं असतं.

मग खरंच जा, उजेडी जा. भाच्याला नेलं तरी बोलायचं तुम्हीच. गालिचा दिवाणखान्यात असेल तर दाराशी ओढून घ्या, बल्बच्या उजेडात काजळी आणि सावली एकच दिसते. काकाजींचं पूर्ण ऐका, मध्ये "पण" घालू नका. त्यांचं झालं की सांगा: "काकाजी, ही काजळी आधी कोरडी उचलायला पाहिजे होती, आम्ही पाणी आधी मारलं. ती चूक आमची. या दोन ठिकाणी मात्र वायरचा थेंब पडून टोकं वितळली आहेत, हात लावून पाहा." त्यांचा हात तिथं लावा. पसरलेलं काळं आणि जळलेलं टोक यातला फरक बोटाला कळतो, आणि बोटाला कळलेलं माणूस नाकारत नाही. फडा कोणी मारला, पंखा कोणी लावला हे आता काढू नका. ते पहिल्या दिवशी विचारायचं होतं. आज काढलं तर घरातल्या बाईवर ढकलल्यासारखं होईल.

त्यानंतर त्यांनाच विचारा, "तुमच्या मनात काय आहे?" पुष्कळदा नवा गालिचा मागणाऱ्याला नवा गालिचा नको असतो. पाहुण्यांसमोर आपला हॉल काळा दिसला, हे त्याला लागलेलं असतं. तुमच्याकडून असं ठेवा: मजुरी घेणार नाही, गालिचा घेऊन जातो, वर सांगितल्याप्रमाणं पुन्हा करतो, आठ दिवसांत आणून देतो. आणल्यावर तुमचं समाधान झालं नाही तर नुकसानीचं बोलू. आठ दिवस म्हणालात तर सहाव्या दिवशी फोन करून कुठवर आलं ते सांगा. ज्याला काही कळवलं जात नाही, तो वाईटच धरून चालतो.

दुसऱ्या फेरीनंतरही डाग राहिला तर? नव्या गालिच्याची पूर्ण किंमत देणं तुमच्यावर येत नाही, आणि मुकाट्यानं देऊही नका. हिशेब असा मांडा: गालिचा किती वर्षांचा, आगीत जळालेला भाग किती, आणि तुमच्या घासण्यानं पसरलेला किती. तुमच्या वाट्याला येतो तो शेवटचा भाग, तोही वापरलेल्या वस्तूच्या किमतीत. समजा गालिचा 4,500 चा, पाच वर्षं वापरलेला, आणि आज बाजारात त्याचे कोणी हजार-दीड हजार देईल. मग सातशे-आठशेच्या आसपास तडजोड रास्त आहे. देताना कागद करा: तारीख, रक्कम, "या कामाबद्दल आता तक्रार नाही", दोघांच्या सह्या. आणि काकाजींना विनंती करा की ग्रुपवरही दोन शब्द टाका. बहुतेक लोक टाकतात.

तुमच्यात जमलंच नाही तर गावातल्या तंटामुक्त समितीपुढं बसा, समिती चालू असेल तर. 2007 पासूनच्या त्या मोहिमेत असे लहान तंटे गावातच मिटवणं हेच अपेक्षित आहे. ग्राहक आयोगाचं नाव काकाजींनी काढलं तर चिडू नका, तो त्यांचा हक्क आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणं सेवेतल्या त्रुटीबद्दल त्यांना दोन वर्षांच्या आत अमरावतीच्या जिल्हा आयोगाकडे जाता येतं. एवढ्या लहान रकमेला फी लागत नाही, वकीलही लागत नाही. त्याआधी 1915 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. तिथं तुमच्या बाजूनं उपयोगी पडेल ते काय? कामाआधीचे फोटो, लेखी अंदाज आणि पुन्हा करून देण्याची तयारी दाखवणारा निरोप. यातलं पहिलं आणि दुसरं तुमच्याकडे नाही, म्हणून तिसरं आजच तयार करा.

आणि पुढच्या कामांसाठी ते "होऊन जाईल" बंद. गिऱ्हाइकासमोर पांढरा कागद काजळीवर टेकवून उचला. कोरडी भुकटी उठली तर एक अंदाज, काळा तेलकट ठसा उठला तर दुसरा. मग गालिच्याच्या कोपऱ्यात एक फूट बाय एक फूट तुकडा त्यांच्या देखत करून दाखवा, वाळू द्या, आणि म्हणा, "एवढं निघेल, याहून जास्त नाही. चालत असेल तर पुढचं करतो." त्या तुकड्यावर हो म्हणणारं गिऱ्हाईक नंतर सहसा वाद घालत नाही. तुकडा पाहून नाही म्हणालं तर तुमचा अर्धा तास गेला, नाव गेलं नाही.

बिलबुक कार्बनवालं घ्या आणि प्रत्येक कामाला चार ओळी मराठीत लिहा. नमुना असा: "पॉलिप्रॉपिलीन गालिचा 6 बाय 9. वायर जळाल्याची तेलकट काजळी. मधला भाग कमी होईल, पूर्ण जाणार नाही. खिडकीकडची दोन टोकं वितळलेली, ती तशीच राहतील. नमुना तुकडा पाहिला." खाली त्यांची सही, वर चारही कोपऱ्यांचे आणि मधल्या डागाचे फोटो, उजेडात, एकाच उंचीवरून. "नुकसानीस आम्ही जबाबदार नाही" असा शिक्का मारून घेण्याचा सल्ला कोणी देईल. मारू नका. निष्काळजीपणा झाला तर तो शिक्का तुम्हाला वाचवणार नाही, आणि झाला नाही तरी तो वाचून गिऱ्हाईक आधीच बिचकतं.

पोचवून देताना गालिचा दारात गुंडाळी सोडून परत येऊ नका. अंथरून द्या, लव एका दिशेनं विंचरा, घरच्यांना त्यावर चालू द्या, आणि पैसे त्यानंतर मागा. चोवीस तासांत डाग वर दिसला तर फोन करा, फुकट येऊ, असं आपणहून सांगा. तेलकट काजळीच्या कामात तो फोन अधूनमधून येणारच, त्यामुळं त्या फेरीचं पेट्रोल आणि अर्धा दिवस दरात आधीच धरा. पावसाळ्यात झड लागलेली असताना मात्र ओलं काम घेऊच नका. कोरडं उचलून ठेवा आणि उघडीप पडल्यावर धुऊ म्हणून सांगा.